मागं कोणी नाही

कोकणातला माणूस म्हटलं की लोक जवळ सरकून बसतात आणि म्हणतात, "सांगा की राव एखादी भुताची." नरडाण्याला कॅन्टीनमध्ये होतो तेव्हाही असंच, आणि आता शाळेत आलो तरी तेच. माझ्याकडे एकही गोष्ट नव्हती. आमच्या वाडीत ज्याला त्याला काही ना काही दिसायचं, मला मात्र कधी काहीच दिसलं नाही. मी तसा भित्रा आहे, खोटं कशाला बोलू. पण माझी भीती वेगळी... पोळ्या कमी पडतील का, गॅस बंद केला का, उद्या काम राहील का, ही असली. भुतांना घाबरायला सवडच मिळाली नाही.

तर जे सांगतोय ते कोकणातलं नाही. सातपुड्यातलं आहे, आणि भर दुपारचं. माझं शिक्षण आठवीपर्यंत, मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी थोडं माझ्याबद्दल. माझं गाव कुडाळच्या पुढं. कामासाठी फिरत फिरत नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनला लागलो. ते बंद पडलं. गावी जायला तोंड नव्हतं आणि इथं ओळखीचं कोणी नव्हतं. तेव्हा धरणगावजवळच्या एका निवासी शाळेच्या मोठ्या सरांनी मला मेसमध्ये घेतलं. ओळख नाही, कागद नाही, भाषासुद्धा त्यांना माझी नीट कळत नव्हती. म्हणाले, "स्वयंपाक येतो ना? मग राहा." एवढंच. त्या माणसाचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. मुलं मला कोकणी मामा म्हणतात. सुरुवातीला माझ्या मालवणीला सगळे फार हसायचे, म्हणून मी ती बोलायचीच सोडली. फोनवर घरच्यांशी बोलायचं असेल तर मागं पाण्याच्या टाकीकडे जातो.

शाळा दरवर्षी थंडीत सहावी-सातवीच्या मुलांना सातपुड्यात नेते. निसर्ग शिबिर. संक्रांत झाली की लगेच. धरणगावहून तापी ओलांडून चोपडा, आणि चोपड्याहून उत्तरेला जिथं डोंगर सुरू होतो तिथल्या एका पाड्यावर मुक्काम. पाड्याचं नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या शिबिराची. मी अर्थात स्वयंपाकाला म्हणून गेलो होतो. आदल्या संध्याकाळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं आणि मुलं म्हणत होती, "मामा, आता तुम्ही खान्देशी झाले." बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना जंगलात फिरवून आणायचं होतं. बरोबर येणारे दुसरे सर तापानं आडवे पडले, म्हणून विज्ञानाच्या वैशाली मॅडमनी मला बोलावलं.

"संतोषभाऊ, रांगेच्या शेवटी तुम्ही चालायचं. काम एकच. तुमच्यामागे एकही मूल राहता कामा नये."

वाढायच्या डावाशिवाय दुसरं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या हातात कोणी दिलं होतं. मी टोपी-बिपी घालून तयार. मुलं लगेच सुरू झाली, "मामा म्हणजे रेल्वेचे गार्ड!" "मामा, झेंडी कुठंय?" "मामा, शिट्टी मारा, गाडी सुटू द्या!"

पुढं वाट दाखवायला पाड्यावरचा रायसिंग होता. वयानं माझ्याएवढाच, बोलायला मोकळाढाकळा. फॉरेस्टच्या कामावर कधीमधी जायचा. त्याच्यामागे मॅडम, मग मुलांची रांग, शेवटी मी.

थंडी चांगलीच होती. मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि ती बिड्या ओढल्याची नक्कल करत होती. मॅडमनी प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा दिला होता, पानं दाबून ठेवायला. नियम एकच, झाडावरचं पान तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं. साग, पळस, धावडा, सालई... मला निम्म्या झाडांची नावं त्या दिवशी कळली. सालईच्या खोडाचा वास घ्यायला लावला मॅडमनी, देवघरासारखा वास येतो. सागाचं एक पान मिळालं, किड्यांनी सगळं खाऊन नुसती जाळी ठेवलेली. मुलं त्यातून एकमेकांकडे बघत होती. एका ठिकाणी रायसिंगनं अस्वलाची विष्ठा दाखवली, त्यात बोरांच्या बिया होत्या. "अस्वल बोरं खातं, आणि मग झाड लावतं," मॅडम म्हणाल्या. मुलं नाक दाबून हसली. मी आठवीत शाळा सोडली ती असं कोणी शिकवलं नाही म्हणून नव्हे, घरची अडचण होती. पण असं कोणी शिकवलं असतं तर शाळा सोडताना जरा जास्त रडलो असतो एवढं नक्की.

आता तेजूबद्दल. तेजस्विनी, सहावीतली, भडगावकडची, गिरणा नदीच्या काठी शेती आहे त्यांची. अंगानं काडी, पण हट्टी. लाल स्वेटर. तिला अंजनाच्या झाडाचं पान पाहिजे होतं. अंजनाची दोन पानं जोडीनं चिकटलेली असतात, फुलपाखरासारखी. मॅडमनी पाड्यावर चित्र दाखवलं होतं तेव्हापासून तिचं तेच. "मामा, अंजन दिसलं का? मामा, हे अंजन शे का?" दर झाडाला. बाकीची मुलं मग मलाही विचारायला लागली, "मामा, तुम्ही अंजन शे का?"

चढ संपला तिथं एक लहानशी खिंड आहे. खिंडीत वाटेला लागूनच पानांचा आणि डहाळ्यांचा मोठा ढीग. माझ्या छातीएवढा. खालची पानं कुजून माती झालेली, वरची ताजी. रायसिंगनं सगळ्यांना थांबवलं.

"इथून जाणारा प्रत्येक जण एक पान टाकतो. आमच्या पाड्याची रीत आहे."

"देव आहे का इथं?" एका मुलानं विचारलं.

"देव-बिव माहीत नाही. जागा आहे. माणसं येतात-जातात, तर जागा वाट बघत बसते म्हणे, अजून कोणी यायचं आहे का. म्हणून पान टाकायचं. आणि सगळ्यात मागचा जो असेल त्यानं पान टाकून बोलायचं, 'झालं, मागं कोणी नाही.' म्हणजे जागा मोकळी."

"नाही बोललं तर?" मी विचारलं. मी विचारणारच.

"नाही बोललास तर तूच बस इथं संध्याकाळपर्यंत," म्हणाला आणि हसला.

मॅडमना मजा वाटली. म्हणाल्या, टाका, पण पडलेलीच पानं टाका. मुलांनी एकेक पान टाकलं. तेजूनं टाकलं, मी बघितलं. लाल स्वेटर माझ्यापुढून उताराला लागलेला बघितला. मग मी सागाचं एक पान टाकलं आणि पुटपुटलो. मला लाज वाटत होती.

पुढून रायसिंग ओरडला, "भो, मोठ्यानं बोल! मनातल्या मनात नको!"

सगळी मुलं मागं वळून बघायला लागली. मग मी पण ओरडलो, "झालं! मागं कोणी नाही!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही उतरलो.

उतार फार नाही. खाली नाला आहे, थोडं पाणी होतं. तिथं मॅडमनी मुलं मोजली. एक कमी. परत मोजली. एक कमी.

तेजू.

त्या क्षणाचं मी काही लिहीत नाही. ज्याच्यावर असा प्रसंग आला असेल त्याला माहीत आहे. मॅडमचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढवला नाही. इतर मुलांना नाल्याच्या वाळूत गोल करून बसवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही दोघं वर जा. मी इथून हलत नाही."

आता जागा नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. खिंड ते नाला वाट एकच. दोन्ही बाजूला सागाचं रान, पण थंडीत पानं गळून विरळ झालेलं. लाल स्वेटर लांबूनही दिसेल असं. आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. मांजर चाललं तरी ऐकू येईल. मूल तर नक्कीच ऐकू येईल.

आम्ही धावत वर गेलो. हाका मारल्या. ढिगाभोवती मी एका बाजूनं फिरलो, रायसिंग दुसऱ्या बाजूनं. कोणी नाही. सकाळी चढून आलो त्या वाटेवर मी खाली वाकून बघितलं, रायसिंग ढिगाच्या पलीकडे झाडीत बघत होता. कोणी नाही. रायसिंग म्हणाला, "मी पाड्यावरून माणसं आणतो. तू इथनं हलू नको. इकडं आली तर इथंच येईल." आणि पळाला. मोबाईलला रेंज नव्हती.

मग मी एकटा. ऊन वर आलं होतं. पक्षी ओरडत होते, सगळं अगदी नेहमीसारखं. थंडगार वारा, वेगळा वास... या ग्रुपवर बाकीचे लिहितात तसलं काहीही नव्हतं. मी ढिगाभोवती परत फिरलो, परत परत फिरलो. हाका मारून घसा बसला. तेजूची आई शाळेत सोडायला आली होती तेव्हा मेसमध्ये येऊन मला म्हणाली होती, "दादा, पोरगी जेवत नाही नीट. जरा ध्यान ठेवा." एवढ्या मोठ्या शाळेत ती बाई मला सांगून गेली होती. ते आठवलं आणि मी खाली बसलो, टोपी काढली, तोंडावर दाबली आणि रडलो. आणि तोंडातून आपोआप घरची भाषा आली. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिलाच म्हणालो, "आये, माका वाचय गे. चेडवाक काय झाला तर मी तोंड खंय दाखवू?" चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बसल्या बसल्या माझ्या मनात एकच गोष्ट टोचायला लागली, की मी मघाशी मोठ्यानं जे बोललो ते खोटं होतं. रीत खरी की खोटी हा विचारही नव्हता. मेसमध्ये सुद्धा मी कोणाला "भाजी संपली" म्हणालो आणि नंतर पातेल्यात निघाली, तर हॉस्टेलवर जाऊन सांगून येतो. माझा स्वभावच तसा आहे, मला राहवत नाही. इथं मी सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं होतं की मागं कोणी नाही, आणि मागं एक पोर होतं.

मी उठलो. आणखी एक पान उचलून ढिगावर टाकलं आणि साध्या आवाजात म्हणालो, "माझं चुकलं. मागं एक आहे. तेजस्विनी. आमचीच आहे."

काही झालं नाही. पान हललं नाही. मी शर्टाच्या बाहीला नाक पुसत ढिगाला वळसा घातला.

तेजू ढिगाच्या पलीकडच्या अंगाला बसली होती. लाल स्वेटर. गुडघे पोटाशी, मांडीवर वर्तमानपत्राचा गठ्ठा, हातात अंजनाची डहाळी. मी थोड्या वेळापूर्वी जिथं पाय देऊन गेलो होतो, तिथं. चेहरा रडून सुजलेला आणि रागानं लाल.

"मामा," म्हणाली, "आते दिसनी का मी?"

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो.

"आठेच बशेल व्हती ना मी! कितल्या हाका मार्‍यात तुम्हले!" इथंच बसले होते, किती हाका मारल्या, असं ती म्हणत होती. एरवी एखादा 'शे' सोडला तर ती वर्गातली शुद्ध मराठी बोलायची. मूल घाबरलं की घरच्या बोलीवर येतं, माझ्यासारखंच. ती सांगत होती आणि हुंदके देत होती. ढिगावर अंजनाची डहाळी दिसली, ती पडलेलीच होती, तोडलेली नव्हती, म्हणून ती माघारी फिरली आणि मी 'मागं कोणी नाही' ओरडत होतो, सगळे माझ्याकडे बघून हसत होते, तेव्हाच झाडाआडून ढिगामागे आली. घेतली आणि वर बघितलं तर रांग खाली चाललेली. तिनं हाक मारली. कोणी वळलं नाही. पळायला गेली तर वाट सापडेना, कुठूनही गेलं तरी ढिगापाशीच. मग आम्ही दोघं आलो. ती समोर उभी राहिली. आम्ही तिच्यामधून बघितल्यासारखं बघितलं आणि "तेजू, तेजू" ओरडत पुढं गेलो.

मी तिला कडेवर घेतलं. सहावीतली पोरगी, पण घेतलं. आणि खाली धावलो.

मॅडमनी आधी तिला छातीशी धरलं आणि मग असं रागावल्या की सगळी मुलं रडायला लागली. तेवढ्यात रायसिंग पाड्यावरची माणसं घेऊन पोचला. तेजू त्याला बघून म्हणाली, "आणि या भाऊंनी तिथं बिडी पेटवली. काडी माझ्या पायाजवळ फेकली. मी ओरडले, आग लागेल म्हणून!"

रायसिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं, मीच चहाडी केली असं समजून. पण मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा ढिगाच्या अलीकडे वाटेवर वाकून बघत होतो.

"रायसिंगभाऊ, जंगलात बिडी?" मॅडम म्हणाल्या.

"दोनच झुरके मारले मॅडम. जीव थाऱ्यावर नव्हता," तो म्हणाला. मग जरा वेळानं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच ती तिथं होती? मी काडी टाकली तिथं?"

मी त्याला सगळं सांगितलं, दुसरं पान टाकून काय बोललो तेही. मला वाटलं, आता तो काहीतरी जुनं सांगेल. पण तो माझ्याएवढाच गांगरला होता. म्हणाला, "आम्ही नुसतं बोलतो भो. बाप बोलायचा म्हणून बोलतो. असं कधी ऐकलं नाही." परत जाताना आम्हाला त्यानं खिंडीतून नेलं नाही, लांबच्या वाटेनं नेलं. 

आता या ग्रुपवर कोणीतरी लिहीलच की हा चकवा. असेल. पण चकव्यात वाट हरवते असं ऐकलंय. आमची वाट हरवली नव्हती, आम्ही बरोबर जागी उभे होतो. मॅडमचं म्हणणं, मूल भ्यालं, पानांत दबून बसलं, आणि भीतीनं आवाज फुटला नाही... तिला मात्र वाटलं की आपण ओरडलो. असं होतं म्हणे. मॅडम शिकलेल्या आहेत, आणि मला खरंच वाटतं की तेच असावं. मी स्वतःला बऱ्याचदा तेच सांगतो. पण लाल स्वेटर घालून बसलेलं मूल मला दिसलं नाही, आणि माझ्या पायांना लागलंही नाही?

शिवाय एक गोष्ट आहे जी मी मॅडमना अजून सांगितलेली नाही. परतीच्या गाडीत तेजू माझ्या शेजारी बसली होती. तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मामा, चेडू म्हणजे काय?"

हा शब्द मी शाळेत कधी बोललेलो नाही. टाकीपाशीसुद्धा नाही, फोनवर मी भावाशी बोलतो, त्याला दोन मुलगे.

"कुठं ऐकलास?"

"तुम्ही म्हणत होते ना. टोपी तोंडाला लावून. मी तुमच्या समोरच बसली होती, तुमच्या गुडघ्याला हात लावून." आणि लगेच, "आये म्हणजे आई का?"

मी हो म्हणालो. माझ्या गुडघ्याला काहीही लागलं नव्हतं.

मोठ्या सरांना मी आल्या आल्या सगळं सांगितलं, माझ्या आरोळीसकट. सामान बांधायचं मनात ठरवूनच गेलो होतो. त्यांनी स्वतः तेजूच्या घरी फोन लावला, मूल थोडा वेळ चुकलं होतं हे लपवलं नाही.  मला म्हणाले, "संतोष, परत गेलास ना तिच्यासाठी? झालं मग. जा, मुलं जेवायची थांबलीत." गेल्या वर्षीच्या शिबिरालाही रांगेच्या शेवटी मीच चाललो. दुसऱ्या बाजूच्या डोंगरात गेलो होतो.

तेजू आता आठवीत आहे. हुशार आहे, बडबड तशीच आहे, त्या दिवसाबद्दल विचारलं तर खांदे उडवते. फक्त एक आहे. जेवायला रांगेत येते, ताट पुढं धरते, आणि माझं वाढून झालं तरी ताट मागं घेत नाही आणि पुढंही सरकत नाही. तशीच माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. मागची मुलं ओरडतात, "चल ना गं!" मी "तेजस्विनी" म्हणतो. मग ती जाते.

याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलेलं नाही. कोणाला कळत असेल तर सांगा. पण मी नाव घ्यायचं एकदाही चुकवलेलं नाही.